विश्वनाथअण्णांची बेबाकी

ज्या माणसाच्या घरात आम्ही सात वर्षं राहिलो, तो माणूस त्या सात वर्षांत त्या घरात एकदाही झोपला नाही. तो आमच्यापासून वीस पावलांवर, अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. बांधकामाच्या वेळी सिमेंटची पोती ठेवायला ती खोली उभी केली होती. घर उभं राहिल्यावर पाडायची ठरलेली, ती राहून गेली.

केजला एका खाजगी कनिष्ठ महाविद्यालयात मला गणित शिकवायची नोकरी लागली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी आणि मनीषा घर शोधत फिरत होतो. कुणीतरी हे घर सांगितलं. फाटक उघडलं तर एक उंच, वाळका माणूस पाण्याची मोटर खोलून बसला होता. अंगावर वीज खात्याचा विटलेला शर्ट. मला वाटलं राखणदार असेल.

“मालक कुठं राहतात?”

“हितंच.”

“कधी भेटतील?”

त्यांनी हात चिंधीला पुसले. “भेटले की. मीच हाय.”

घर दाखवायला म्हणून त्यांनी कुलूप काढलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर थांबले. “तुमी बघून या. माजं बघितल्यालं हाय.” कुठलं बटण कशाचं, कुठल्या नळाला कमी पाणी येतं, हे त्यांनी बाहेर उभं राहूनच सांगितलं, एकही चूक न करता. घर सुरेख होतं. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, ओट्यावर काळी फरशी, देवघराला छोटीशी कमान. कुणीतरी फार मनापासून बांधलेलं. भाडं सात हजार सांगितलं, आणि म्हणाले, “पाच तारकेच्या आत देत जा तेवडं. सातला बँकेचा हप्ता जातो.”

ते विश्वनाथअण्णा. वीज खात्यात वायरमन. त्या वेळी वय बावन्न-त्रेपन्न असेल, दिसायचे साठीचे.

पहिले काही महिने मी त्यांना चिक्कू समजत होतो, हे कबूल करतो. गल्लीतही तोच लौकिक होता. अण्णा कुणाच्या घरी चहा घेत नसत. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, “प्यालं की पाजावं लागतं.” आणि पुढं निघत. बाजारच्या दिवशी ते भाजी आणायला जायचे ते बाजार उठताना, बायका उरलेल्या वाट्यांचे ढीग एकत्र करत असतील तेव्हा. स्वयंपाक दिवसातून एकदा, सकाळी. चार भाकरी, कधी डाळ, कधी पिठलं. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. कामावर सायकलनं जात. खात्यातले सगळे केव्हाच मोटारसायकलवर आले होते. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसणं शक्यच नसायचं. सुट्टी असली की अण्णा मोटरीजवळच्या लिंबाखाली पोतं टाकून पडत.

काही विकत घ्यायची वेळ आली की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. स्वतःलाच विचारत, आणि विचारलं तर दुसऱ्यालाही. “गरज हाय का हौस हाय?” हौस निघाली तर म्हणत, “मंग उद्या बघू.” ती उद्या कधी आलेली मी पाहिली नाही.

लग्नांचं तर विचारूच नका. वायरमनला पत्रिका पुष्कळ यायच्या. अण्णा आदल्या दिवशी मांडवात जायचे, जोडण्या तपासायचे, उघड्या तारांना टेप गुंडाळायचे, आणि लग्नादिवशी मात्र तिकडं फिरकायचे नाहीत. आहेर द्यायला जमत नाही तर पंगतीला बसायचं नाही, हा त्यांचा नियम. हळूहळू पत्रिका कमी झाल्या. नंतर काम असलं तरच लोक बोलवत. “अण्णा, उद्या जरा येऊन जा, मेन स्विच गरम व्हायलंय.” अण्णा जायचे.

मनीषाला हे सहन व्हायचं नाही. ती काही वेगळं केलं की ताट झाकून त्यांच्या खोलीवर न्यायची. ताट कधी रिकामं परत आलं नाही, पण त्यात पदार्थही नसायचा. संध्याकाळी अण्णा ताट घासून, पुसून आणून द्यायचे आणि सांगायचे, “ताई, तुमच्या मिक्सरचा आवाज येत व्हता. द्या, बघतो.” शंकरपाळे दिले, इस्त्री दुरुस्त झाली. खिचडी दिली, फाटकाची कडी बसली. एका होळीला तिनं पुरणपोळ्या दिल्या तर हा माणूस दुसऱ्या दिवशी भर उन्हात गच्चीवर चढून पाण्याची टाकी आतून घासत बसला.

मनीषा खाली उभी राहून ओरडली, “अण्णा, आधी उतरा खाली! आम्ही माणसं आहोत की सावकार? एक पोळी दिली तर व्याजासकट फेडायची असते का?”

अण्णा शिडीवरून उतरले. कपड्यांतून पाणी गळत होतं. हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, “रागावू नका ताई. फुकटचं खाल्लं की लई ग्वाड लागतं. मंग सवय लागती. मला सवय लागून जमायचं न्हाई अजून.”

‘अजून’ म्हणजे कधीपर्यंत, हे त्या दिवशी आम्ही विचारलं, आणि त्यांनीही पहिल्यांदाच सांगितलं. लिंबाखाली पोत्यावर बसून, पाण्यानं भिजलेली विजार पिळत.

घर बांधायची आवड त्यांची नव्हे, त्यांच्या बायकोची, रुक्मिणीची. वीस वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढल्यावर तिनं हट्ट धरला. बँकेचं कर्ज काढलं, कमी पडलं ते कर्मचाऱ्यांच्या सोसायटीतून उचललं. बांधकाम चालू असताना ती रोज येऊन भिंतींना पाणी मारायची. वास्तुशांत झाली आणि अडीच महिन्यांत ती आजारी पडली. लातूरला दवाखान्यात पन्नास दिवस काढले. हातातलं संपलं. उसनं ज्यांच्याकडं मिळालं त्यांच्याकडून घेतलं. तेही संपलं तेव्हा मुलगी सुनंदा, घाटनांदूरला दिलेली, तिनं स्वतःच्या पाटल्या आणि गंठण काढून बापाच्या हातात ठेवलं. सासरी न विचारता. अण्णांनी ते गहाण ठेवलं. आठ दिवसांत रुक्मिणी गेली.

“तेराव्याला सुनंदाचा सासरा बोलला,” अण्णा म्हणाले. “चारचौघांत न्हाई, बाजूला घिऊन बोलला. वंगाळ बी न्हाई बोलला. म्हनला, सुनंचा दागिना म्हंजी घराची अबरू हाय. दागिना आला की पोरगी येईल. तवापासून आली न्हाई.”

“कधीच?”

“फोनवर बोलती. सासू झोपली की दुपारचं.”

म्हणून दुपारी एक ते दोन अण्णा कुठंही असले तरी सायकल थांबवून सावलीला उभे असायचे. मी किती वेळा पाहिलं होतं ते. मला वाटायचं, कामचुकारपणा.

मी तेव्हा तरुण होतो आणि गणिताचा मास्तर होतो. मी तिथल्या तिथं आकडेमोड केली आणि म्हणालो, “अण्णा, घर विकून टाका ना. एका दिवसात मोकळे व्हाल. सोनंही सुटेल.”

त्यांनी घराकडं पाहिलं. “व्हय. इकलं असतं तर झालोच असतो मोकळा.” मग उठता उठता म्हणाले, “भितीला पानी तिनं मारलंय, सर.”

पुन्हा मी तो विषय काढला नाही.

पण मी काही फार शहाणा झालो असं नाही. पुढच्याच वर्षीची गोष्ट. आमच्या संस्थेनं पगार थकवले. तीन महिने एक रुपया आला नाही. मी अण्णांना म्हणालो, “पुढच्या महिन्यात देतो.” ते म्हणाले, “असू द्या.” दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तर मी सांगायलाही गेलो नाही. त्यांच्या ‘असू द्या’ची मला सवय झाली होती. आणि त्याच तिसऱ्या महिन्यात मी मोठा टीव्ही घेतला, हप्त्यावर. दुकानदार ओळखीचा होता, पहिला हप्ता दोन महिन्यांनी भरायचा होता, सणाची सूट होती. कारणं पुष्कळ होती.

टीव्ही भिंतीवर बसवायला अण्णांनाच बोलावलं. दुसरं कोण येणार? ते ड्रिल घेऊन आले. त्या घरात ते पाऊल टाकत ते असं, कामाला. भिंतीवर पेन्सिलीनं चार खुणा केल्या, मागं सरून पाहिलं, आणि मला एवढंच विचारलं, “हितंच पायजे का?”

“हो, इथंच.”

त्यांनी भोकं पाडली. पडलेला चुरा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. टीव्ही लावून, चित्र दिसतंय ना बघून गेले.

चार दिवसांनी मनीषा मला म्हणाली, “अण्णांच्या खोलीतून सकाळी स्टोचा आवाज येत नाही आजकाल.” मी म्हटलं, बाहेर खात असतील. ती माझ्याकडं बघत राहिली. अण्णा आणि बाहेर! मग ती स्वतःच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, दोन महिने झाले, अण्णा ज्वारी नेत नाहीत. फुटाणे नेतात, पावशेर, दोन-तीन दिवसांनी. रविवारी दिवसभर चौसाळ्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत वायरिंगचं काम करतात रोजानं, असंही कळलं. आमच्या भाड्याशिवाय बँकेचा हप्ता पुरा होत नव्हता. त्यांनी तो एकदाही चुकवला नव्हता.

मनीषानं घरी येऊन हे सगळं सांगितलं. हातातल्या दोन बांगड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्या मी मोडल्या नाहीत. टीव्ही परत नेऊन दिला, पदरचे दोन हजार सोडून. मित्राकडून उसने घेतले आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम घेऊन गेलो. अण्णांनी पैसे मोजले, खिशात ठेवले. मला वाटलं काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

“भोकं बुजवून देतो,” ते म्हणाले. “सिमेंट हाय माज्याकडं थोडं.”

आमच्या पाचव्या वर्षी एका सकाळी अण्णा दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, पांढरा सदरा. “सर, आज सुट्टी हाय का तुमाला? घाटनांदूरला जायचं होतं. संगं ऐवज हाय, म्हनून इचारलं.”

सोनं सुटलं होतं. उसनवाऱ्या आधीच फिटल्या होत्या. सोसायटीचं संपलं होतं. आता फक्त बँक राहिली होती. आम्ही एसटीनं अंबाजोगाईला आणि तिथून जीपनं निघालो. सदऱ्याच्या आत, पोटाशी, कापडी पिशवीत त्यांनी दागिने बांधले होते आणि जीप आदळली की हात तिथं जायचा. वाटेत ते एरवीपेक्षा बरंच बोलले. सुनंदा लहानपणी कशी सायकलच्या नळीवर बसायची, तिला बोरं किती आवडतात, असलं काहीबाही. नात सात वर्षांची झाली असेल, म्हणाले. तिला शेवटची पाहिली तेव्हा ती मांडीवर होती.

व्याह्यांचं घर मोठं, माणसं चांगली. पाणी आलं, गूळ आला, पाटावर बसवलं. व्याही पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ. अण्णांनी सदऱ्यातून पिशवी काढली, गाठ सोडली, आणि पाटल्या व गंठण त्यांच्यापुढं ठेवलं. 

व्याह्यांनी दागिन्याकडं एक नजर टाकली. बायकोला हाक मारून म्हणाले, “उचलून ठीव गं.” आणि अण्णांना म्हणाले, “येवडी काय घाई व्हती, पाव्हनं?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. सहा वर्षांपूर्वी आपण काय बोललो होतो, ते त्या माणसाला खरंच फारसं आठवत नसावं.

अण्णा म्हणाले, “मला व्हती.”

सुनंदा आतून आली, डोक्यावर पदर. वाकून पाया पडली आणि तशीच जमिनीकडं बघत उभी राहिली. तिच्या मागून एका मुलीनं डोकावून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “आई, हे कोन हायत?” सुनंदानं तिला जवळ ओढून काहीतरी सांगितलं. मुलगी पुढं आली नाही. अण्णांनी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून हात पुढं केला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेवटी तिच्या आजीनं त्या घेतल्या.

निघताना सुनंदा फाटकापर्यंत आली. बापाला म्हणाली, “दादा, लई वाळलाव तुमी.”

“उन्हातलं काम, माय.”

“मी न्हवतं मागितलं ओ कदी. मला नको व्हतं ते. मला तुमी यायला पायजे व्हते.”

 “मोकळ्या हातानं कसा येऊ?” अण्णा म्हणाले. एवढंच.  परतीच्या वाटेवर त्यांचा हात दोनदा-तीनदा पोटाशी गेला.

त्या दिवाळीला सुनंदा आली. आम्ही गावी जाताना किल्ली अण्णांना दिली होती आणि मनीषानं बजावलं होतं, सगळे घरातच राहा, आमचं सामान आपलंच समजा. परत आलो तेव्हा कळलं, ती एकच दिवस राहिली. आईच्या स्वयंपाकघरात आमचे डबे, आमची भांडी. कुठल्याही फडताळाला हात लावायला तिला अवघड वाटलं. मुलगी कंटाळली. सासूचा गुडघा दुखत होता. सकाळच्या गाडीनं गेली. रात्री ती आणि मुलगी घरात झोपल्या, अण्णा पत्र्याच्या खोलीत. “त्यांस्नी अडचन नको,” ते म्हणाले. मी म्हटलं, “आता येत जाईल.” तेही म्हणाले, “येती की.” सहा वर्षांत सणांना कुठं असायचं याची तिची घडी बसून गेली होती. त्या घडीत ही जागा नव्हती. भांडण संपलं होतं, कुणाचा कुणावर राग नव्हता, आणि ती वर्षाकाठी एकदा, तेही धावती, यायची.

बँकेचा शेवटचा हप्ता गेला तेव्हा आमचं सातवं वर्ष चालू होतं. अण्णा बेबाकीचा दाखला घेऊन आले. काही देणं उरलं नाही असं लिहिलेला, शिक्का मारलेला कागद. मला म्हणाले, “वाचा बरं.” मी वाचला. “अजून एकदा वाचा.” मी पुन्हा वाचला. मनीषानं शिरा केला आणि ते दारापुढच्या ओट्यावर बसून तो सावकाश खाऊ लागले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “सर, आता काय करायचं असतं?”

मी म्हटलं, “आता आम्ही दुसरीकडं बघतो. तुम्ही तुमच्या घरात या.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “न्हाई न्हाई. ऱ्हावा की. तुमी कावून जाता? तुमचं भांडं वाजलं की मला सकाळ झाल्याली कळती.”

आम्ही राहिलो, पण सातच महिने. परभणीला मनीषाचे वडील आजारी पडले आणि तिकडंच नोकरी मिळाली म्हणून मी केज सोडलं. टेम्पो भरताना अण्णांनी खोक्यांवर ओळीनं दोऱ्या बांधून दिल्या. आमची अनामत त्यांनी पै न् पै परत केली, घरपट्टीचंही काही कापलं नाही.

नंतर फोन व्हायचे. निवृत्त झाले. नवा भाडेकरू ठेवला नाही. “घरात ऱ्हायाला गेलतो,” एकदा म्हणाले. “चार दिवस ऱ्हायलो.” मग? “बोललं की आवाज घुमतो. आलो परत खोलीत.” हे सांगून ते हसले. मी हसल्यासारखं केलं. फोन ठेवल्यावर मनीषानं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, बरे आहेत.

गेल्या वर्षी बीडला एका कामासाठी गेलो होतो. अंबाजोगाईमार्गे परत येताना गाडी केजच्या स्थानकात थांबली, दुपारी तीनच्या सुमारास. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या बाकावर अण्णा. स्वच्छ धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, जवळ पिशवी नाही की काही नाही. मी पळत उतरलो. ते उठून उभे राहिले, माझे दोन्ही हात धरले. परभणीला झालेल्या आमच्या पोराचं विचारलं, मनीषाचं विचारलं, सासऱ्यांचं विचारलं.

“तुम्ही कुठं निघालात?” मी म्हणालो. “घाटनांदूरला?”

“न्हाई वो. कुटंच न्हाई.” ते जरा ओशाळले. “येतो दुपारचं. बसतो घटकाभर. मानसं असत्यात हितं.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की येतो, मनीषाला घेऊन. ते म्हणाले, “या की. घर हायच.” मी चढलो. गाडी मागं घेत वळवायला ड्रायव्हरला वेळ लागला, तेवढा वेळ ते दिसत होते. एक म्हातारी बोचकं घेऊन बाकाशी आली होती. अण्णांनी सरकून तिला जागा केली, बोचकं उचलून बाकावर ठेवलं, आणि तिच्याकडं वळून ते मोठ्या अगत्यानं विचारत होते, कुठल्या गाडीनं जायचंय, कुणाकडं जायचंय, गाडी यायला अजून किती वेळ आहे.